हळदीचा भाव घासून घेता, मग रियालचा का नाही?

‘परदेशात जाणाऱ्याला दोन-चार हजारांचं काय हो एवढं?’

परवा मी रियालच्या भावावर चार ओळी टाकल्या तर त्यावर पहिली कमेंट ही आली. दुसरी होती, ‘पत्रकार साहेब, आधी गावातल्या रस्त्यांवर लिहा.’ रस्त्यांवर मी वीस वर्षांपासून लिहितोय. रस्ते तसेच आहेत, पुढंही लिहीन. पण पहिल्या कमेंटचं उत्तर आज सविस्तर देतो, कारण ‘जाणारा श्रीमंत असतो, त्याला काय फरक पडतो’ या समजावरच काही जणांचा धंदा बिनबोभाट चालू आहे.

आधी सांगा, आपल्या हिंगोली जिल्ह्यातून परदेशात जातं कोण? उद्योगपती किती आहेत आपल्याकडं? जातो तो कळमनुरीचा रिटायर्ड मास्तर, उमऱ्याला. जाते ती वसमतची मावशी, जिनं पंधरा वर्षं शिलाई मशीनवर पैसे साठवले आणि उरलेले बांगड्या मोडून घातले. जातात ते आपले बौद्ध उपासक, लुंबिनीला, जमलं तर श्रीलंकेला. जातं ते सेनगावकडचं पोरगं, एमबीबीएसला रशिया नाहीतर किर्गिझस्तानला, बापानं दोन एकर काढून. आणि जातात ते दुबई-कतारला कामाला जाणारे. यातल्या बहुतेकांचा पासपोर्ट पहिला, विमान पहिलं आणि परकी नोट हातात घ्यायची वेळही पहिलीच. अशा माणसाचे दोन-चार हजार जातात तेव्हा ते सुट्टे पैसे नसतात.

आता गंमत बघा. हाच माणूस मोंढ्यात हळद घेऊन गेला की त्याला काय काय माहीत असतं! सांगलीला काल काय भाव फुटला, निजामाबादला काय, वसमतला आवक किती. बीट चालू असताना ढिगाशेजारी उभा राहतो. पट्टी हातात आली की हमाली किती लावली, तोलाई किती लावली, ओळ न् ओळ वाचतो. क्विंटलमागं पन्नास रुपयांसाठी व्यापाऱ्याशी अर्धा तास हुज्जत घालतो. आणि तोच माणूस टूरवाल्याच्या ऑफिसात पन्नास हजार रोख ठेवतो, बदल्यात रियालची घडी घेतो आणि ‘भाव काय लावला’ हे विचारत नाही. विचारायला लाजतो. समोरचा हाजीसाहेब, नाहीतर भंतेजींच्या ओळखीचा, नाहीतर पाव्हणाच निघालेला असतो.

तर ज्याला लाज वाटते त्याच्यासाठी हे गणित. सौदी रियालचा डॉलरशी भाव १९८६ पासून बांधलेला आहे, एका डॉलरला ३.७५ रियाल. रोज वरखाली होतो तो आपला रुपया. म्हणून मोबाइलवर डॉलरचा आजचा भाव बघायचा आणि त्याला ३.७५ नं भागायचं, झाला रियालचा खरा भाव. समजा डॉलर ९० रुपयांना आहे, तर रियाल २४ ला. दिरहमचंही तसंच, तो १९९७ पासून ३.६७२५ ला बांधलेला. तेव्हा ‘रमजान तोंडावर आलाय, रियाल वाढलाय’ असं कुणी म्हणालं तर समजून घ्या, वाढला असेल तर त्याचा नफा वाढलाय.

आता मी पाहिलेला प्रकार सांगतो, आकडे समजायला सोपे करून. २४ चा रियाल २५.७५ ला लावला. २००० रियालचे ४८,००० व्हायला पाहिजे होते, घेतले ५१,५००. माणशी साडेतीन हजार, नवरा-बायको दोघांचे सात हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका जोडप्याकडून क्विंटलभराहून जास्त सोयाबीन, एका कच्च्या चिठ्ठीवर. (हमीभाव मिळतो किती जणांना, हा वेगळा विषय आहे, त्यावर आपण भांडलोच आहोत.) परत आल्यावर उरलेले ३०० रियाल त्याच माणसानं २२.५० नं वापस घेतले, तिथं आणखी साडेचारशे गेले.

नोटा आणायला, सांभाळायला खर्च असतो हे मला कळतं. दुकानदारानं टक्का-दीड टक्का ठेवला तर माझं काही म्हणणं नाही, त्यालाही लेकरंबाळं आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या एका आयोजकानं मला मनीचेंजरचं मूळ बिल काढून दाखवलं, यात्रेकरूला त्याच भावात दिलेलं. असेही लोक आहेत. पण सात-सात टक्के ओढून वर ‘सेवा करतोय’ म्हणणाऱ्याला सेवेकरी म्हणायची माझी तयारी नाही.

हजचंच बघा. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला पूर्वी २१०० रियाल कमिटीकडूनच घ्यावे लागायचे, पैसे आधीच भरून घेतलेले असायचे. २०२३ च्या हजपासून ही सक्ती गेली. ज्याला जेवढे लागतील तेवढे त्यानं आपले घ्यावेत, आणि पाहिजे त्याला स्टेट बँकेमार्फत चलनाची सोय. सक्ती गेली हे चांगलंच झालं, ज्याचा मुलगा जेद्दाहला आहे त्याला कशाला पाहिजेत २१०० रियाल? पण सक्ती काढताना माणसाला बाजार कसा चालतो हे कुणी शिकवलं का? सोय आहे हे गावातल्या माणसाला कळेपर्यंत टूरवाला दारात उभा असतो. मोकळीक कागदावर आली आणि फायदा तिसऱ्यालाच झाला.

बरं, भाव विचारलाच तर उत्तर ठरलेलं: ‘जीएसटी लागतो ना चाचा, टॅक्स लई वाढलेत.’

साफ खोटं. चलन बदलताना जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि त्या एक टक्क्यावर १८ टक्के. पन्नास हजारांचं चलन घेतलं तर ५०० वर १८ टक्के, म्हणजे ९० रुपये. नव्वद! लहानातल्या लहान व्यवहाराला कमीत कमी ४५. साडेतीन हजार कुठून आले मग? दुसरं उत्तर असतं ‘टीसीएस’चं. नुसतं चलन घेण्यावर, नाहीतर फॉरेक्स कार्डात पैसे भरण्यावर, वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ७ लाख होती. आपल्यातलं कोण दहा लाखांचे रियाल घेऊन चाललंय?

टीसीएस लागतो तो पॅकेजवर. तिकीट, हॉटेल, जेवण असं एकत्र विकलं की विकणाऱ्यानं ग्राहकाकडून कर गोळा करायचा आणि त्याच्या पॅनवर सरकारकडं भरायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो साध्या पॅकेजला ५ टक्के आणि मोठ्या रकमेला २० टक्के होता. यंदाच्या बजेटनं तो १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्क्यांवर आणला. सरकार म्हणतं हा खर्च नाही, रिटर्न भरा आणि वापस घ्या. नोकरदाराला ठीक आहे, तो रिटर्न भरतोच. पण माझा पाच एकरवाला शेतकरी? शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून तो रिटर्न भरत नाही. रिटर्न भरत नाही म्हणून परतावा मागत नाही. गेल्या दोन-अडीच वर्षांत ज्या जोडप्यानं माणशी १ लाख १० हजारांचं पॅकेज घेतलं, त्याचे ११,००० रुपये असे सरकारकडं जाऊन बसले. ज्याला एक रुपया कर लागू नाही त्याच्याकडून कर आधी घ्यायचा आणि मग म्हणायचं ‘अर्ज करा, देतो’. एफडीच्या व्याजावर कर कापू नका म्हणून आपण बँकेत एक साधा फॉर्म भरून देतो की नाही? तसाच फॉर्म पॅकेजवाल्याकडं का नाही चालत? ५ चे २ टक्के केले म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सर्वपक्षीय नेतेमंडळींनी हा प्रश्न एकदा तरी विचारावा. दोन टक्केही त्या माणसासाठी गेलेलेच पैसे आहेत.

आणि अजून एक. कापलेला टीसीएस तुमच्या पॅनवर दिसतो का, हे आयकराच्या पोर्टलवर बघून घ्या. तुमच्याकडून घेतला आणि भरलाच नाही, असं करणाऱ्याला पकडायचा तोच एक रस्ता आहे. पाचशे रुपये घेऊन रिटर्न भरून देणारा पोरगा आता तालुक्याला सापडतो.

आता कार्डाकडं येतो. ‘कार्ड घेऊन जा, भानगडच नाही’ असं सांगणारे शहाणे पुष्कळ. भानगड आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १६ मार्च २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू करून मिळतं. परदेशासाठी ते आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून चालू करायचं असतं. नियम आपल्या भल्याचाच आहे, कार्डाची माहिती चोरीला गेली तर बाहेर बसून कुणी पैसे काढू नयेत म्हणून. पण कार्ड देताना हे कुणी सांगितलं का? ॲप असतं नातवाच्या मोबाइलवर, नातू असतो पुण्यात, आजोबा असतात मदिनेच्या एटीएमसमोर. आणि जनधनचं साधं रुपे कार्ड परदेशात चालेल या भरवशावर तर कुणी राहूच नका. बँकेत जाऊन स्पष्ट विचारा, हे कार्ड बाहेर चालतं का. शक्यतो लेखी विचारा.

चाललं तरी मार्कअप असतो. बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. पन्नास हजार खर्च केले तर १,७५० अधिक ३१५, म्हणजे २,०६५ रुपये. हे वेगळं बिल म्हणून येत नाही, स्टेटमेंटच्या पोटात असतं. काही बँकांच्या कार्डांना मार्कअप शून्य आहे. नावं घेत नाही, उद्या म्हणाल जाहिरात करतोय. आपल्या बँकेला विचारा आणि पासबुकवर लिहून घ्या. फॉरेक्स कार्ड घेणार असाल तर ज्या देशात जाताय त्याच चलनात भरून घ्या. डॉलर भरले आणि खर्च रियालमध्ये केला की दुसऱ्यांदा बदलण्याचे पैसे कापले जातात. क्रेडिट कार्डावर नोटा काढू नका, व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. एटीएममधून रोज थोडे थोडे काढले की दर वेळी ठरावीक फी, म्हणून काढायचे तर एकदाच.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर त्या दोन बटणांची. परदेशात दुकानदार कार्ड लावतो आणि मशीन विचारतं: पैसे रियालमध्ये देणार की भारतीय रुपयांत? आपल्या माणसाला रुपया दिसला की जीव भांड्यात पडतो. वाटतं, चला, आपल्या पैशात कळतंय किती गेले. दाबतो रुपयाचं बटण, आणि तिथंच फसतो, कारण आता भाव तुमची बँक लावत नाही, त्या दुकानाच्या मशीनमागची कंपनी लावते, तिच्या मनाला येईल तो. ४०० रियालची खरेदी खऱ्या भावानं ९,६०० रुपयांची. तुमच्या बँकेचा मार्कअप आणि जीएसटी धरून साधारण ९,९९६. मशीनवर रुपयांत आकडा दिसतो १०,२००, आणि काही बँका रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही वर टक्काभर लावतात. म्हणजे ‘आपल्या पैशात’ कळण्याची ही किंमत. दुकानदार स्वतःच बटण दाबून मोकळा होत असेल तर ‘नो, रियाल’ एवढं म्हणायला इंग्रजी लागत नाही. थायलंडला बाट म्हणा, व्हिएतनामला डोंग म्हणा.

युरोपात एप्रिल २०२० पासून असा नियम आहे की अशा व्यवहारात, निदान त्यांच्या आपल्या चलनांच्या बाबतीत, मशीननं आणि एटीएमनं युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या भावापेक्षा आपण किती टक्के जास्त लावतोय ते पैसे देण्याआधी दाखवायचं. तिथला शिकलेला माणूससुद्धा फसतो म्हणून त्यांना कायदा करावा लागला. आणि आपल्याकडं मात्र ‘माणसानं हुशार पाहिजे’ म्हणून हात झटकायचे.

लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. नेपाळी रुपयाचा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, आपल्या १०० ला त्यांचे १६०. ‘दीडशे घ्या, आज हाच भाव’ म्हणणाऱ्याला उठून नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा. आपल्या मोठ्या नोटा तिथं चालतात का याचे नियम बदलत आलेत, निघायच्या आठवड्यात विचारून घ्या. तिथं आता बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, तेही निघण्याआधी ॲपमध्ये चालू करून घ्यायचं.

एमबीबीएसच्या पालकांशी मात्र मला जरा कडक बोलायचंय. फी एजंटच्या हातात रोख कशाला देता हो? ती बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठवता येते, पावती तुमच्या नावाची राहते. बँक सुरुवातीला जो भाव सांगते तो तिचा त्या दिवसाचा छापील भाव असतो. रक्कम मोठी असेल तर तो कमी करून मिळतो, पण मागावा लागतो. डॉलरला पन्नास पैसे कमी झाले तर पाच हजार डॉलरला अडीच हजार वाचतात. आणि पोराला एकाच कार्डावर सोडू नका. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या वेळी व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं, तेव्हा आपल्या बँकांची कार्डं तिथं बंद पडली. मेसचे पैसे द्यायला पोरांकडं काही नव्हतं आणि इकडं आईबापाची झोप उडाली होती. थोडे डॉलर नोटांत, बाकी दुसऱ्या मार्गानं, अशी विभागणी करूनच पाठवा. नोटांत प्रवासामागं साधारण ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात.

आता बँकांचं. गेल्या पंधरवड्यात मी शहरातल्या तीन शाखांत जाऊन साधा प्रश्न विचारला: उमऱ्याला जायचंय, रियाल पाहिजेत, काय भाव? एका ठिकाणी सांगितलं नांदेडला जा. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं संभाजीनगरला जा. तिसऱ्या ठिकाणी साहेब माझ्याकडं असे बघत राहिले जसा मी चंद्रावरची माती मागतोय. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्या असलेला जिल्हा, १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, पंचवीस वर्षं होऊन गेली. दर शाखेत रियाल ठेवा असं मी म्हणतच नाही. पण अर्ज इथं घेऊन चार दिवसांत मोठ्या शाखेतून मागवून देता येत नाही का? विमा विकताना, म्युच्युअल फंड गळ्यात मारताना हीच मंडळी घरी येतात ना?

रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं क्लिअरिंग कॉर्पोरेशननं ५ ऑगस्ट २०१९ पासून एफएक्स-रिटेल नावाचा मंच चालू केलाय, जिथं साध्या ग्राहकालाही आपल्या बँकेमार्फत बाजारभावाजवळ डॉलर घेता येतात. या तिन्ही शाखांत एकानंही त्याचं नाव ऐकलं नव्हतं. माहीत नसणं हा कारकुनाचा दोष नाही, पण वरून खाली माहिती पोचवणारे कुठं आहेत?

जिल्हाधिकारी कार्यालयात बँकर्सच्या बैठका होतात, पीककर्जाच्या उद्दिष्टावर तास-दीड तास चर्चा होते. तिथं पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी मागणी मी अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडं लेखी देणार आहे. हज आणि उमऱ्याच्या हंगामाआधी हिंगोली, वसमत, कळमनुरीत एकेक दिवसाचं शिबिर, मराठी आणि उर्दूत एक पान माहिती, आणि चलन कुठल्या शाखेतून किती दिवसांत मिळेल ते बोर्डावर. वित्तीय साक्षरता केंद्रं कशासाठी आहेत? आणि टूरवाल्यांना सांगणं एवढंच: बदललेल्या प्रत्येक रकमेची परवानाधारकाची पक्की पावती द्या, त्यावर भाव लिहा. पन्नास हजारांच्या वर रोख घेऊन चलन देता येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. रोखीत घेतलेल्या बिनपावतीच्या नोटांवर विमानतळावर चौकशी झाली तर अडकतो यात्रेकरू, तुम्ही नाही.

ज्यांनी गेल्या दोन वर्षांत प्रवास केला आणि ज्यांच्याकडं कसलीही चिठ्ठी, बिल, कार्डाचं स्टेटमेंट आहे, त्यांनी खातं नंबर झाकून इनबॉक्समध्ये फोटो पाठवा. त्या दिवशीचा भाव काढून तुम्हाला किती जास्त लावले ते सांगतो. नाव कुणाचंच छापणार नाही, आकडे छापीन. निवेदनाला तेच जोडायचेत.